एक्केचाळीस टक्के

"हात खिशात."

"खिशातच आहेत."

"उजवा बाहेर आलाय."

"नाक पुसायला आलाय, टॉर्किल! आता माझ्या नाकाचाही ठराव करणार का समितीत?"

"नाक पुसून झालं असेल तर हात परत खिशात. ठरावात स्पष्ट लिहिलंय, इशबेल यंत्राला हात लावणार नाही."

"तो ठराव मीच मांडला होता, गाढवा!"

"आणि मी तो लिहून घेतला. म्हणूनच मला पाठ आहे."

इशबेलने हात खिशात कोंबले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, रुंद खांद्यांची, नखांच्या कडांना कायमचं काळं तेल मुरलेलं, आणि धाकट्या भावासमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी. पण आज तिला रागसुद्धा धड येत नव्हता. तिचे पाय एका जागी ठरत नव्हते.

पत्र्याच्या त्या शेडमध्ये एका बाजूला बॅटऱ्या होत्या. दुधाच्या कॅनइतक्या उंच, करड्या, चोवीस. दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगाचा डिझेल जनरेटर. बाहेर उतारावर सोलर पॅनलच्या तीन रांगा, समुद्राकडे तोंड करून. आर्डस्केल गावाला रस्ता येत नाही, तारा येत नाहीत. येते ती रुआरीची बोट, आणि तीही भरतीच्या वेळा पाहून. सतरा घरं उन्हाने भरलेल्या या बॅटऱ्यांवर चालतात. ऊन आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, तेव्हा जनरेटर लावून त्या भरून घ्यायच्या. कधी लावायचा, किती वेळ चालवायचा, कधी थांबवायचा हे एकोणीस वर्षं एकच माणूस ठरवत आलं होतं. गावात आणखी दोन इशबेल असल्याने हिचं नाव इशबेल इंजिन पडलं ते त्यामुळेच.

आता बॅटऱ्या आणि जनरेटर यांच्या मधल्या भिंतीवर एक नवा डबा बसला होता. चहाच्या डब्याएवढा. त्याच्यावर हिरवा दिवा. बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली गेली आणि दोन मिनिटं खालीच राहिली, की हा डबा आपणहून जनरेटर सुरू करणार. ऐंशीला पोचली की बंद करणार. शंभरला नाही, ऐंशीलाच. उरलेली वीस टक्के जागा उन्हासाठी मोकळी ठेवायची, नाहीतर सकाळी डिझेल जाळून बॅटरी गच्च भरायची आणि दुपारी आलेलं ऊन वाया घालवायचं. ही अक्कल डब्यात इशबेलनेच घातली होती. डबा तिनेच मागवला, तिनेच बसवला, वायर न् वायर तिने जोडली.

आणि आज तो एकदा, फक्त एकदा, तिचा हात न लागता चालला, की ती चारच्या बोटीने जाणार होती.

"सहा महिने," टॉर्किल म्हणाला. त्याने सकाळपासून हे चौथ्यांदा म्हटलं होतं. "वेडी आहेस. या वयात माणसं गुडघे धरून बसतात आणि ही बोटीच्या इंजिनघरात शिरणार."

"माझ्या गुडघ्यांबद्दल मला विचारून बोल."

"आइसलंडच्या वर! तिथे काय आहे?"

"इंजिन आहे. सहा सिलिंडरचं. आणि त्याची काळजी घेणारी दुसरी माणसंही आहेत. मी झोपले तरी ते चालू राहतं, टॉर्किल. तुला कळतंय का मी काय म्हणते?"

टॉर्किल पंचवीस वर्षं इन्व्हरनेसला भूगोल शिकवून परत आलेला. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. त्याला जनरेटरची भीती वाटायची, हे तिला ठाऊक होतं आणि त्याला वाटायचं की तिला ठाऊक नाही.

एकोणिसाव्या वर्षी इशबेल मासेमारीच्या बोटीवर गेली होती. स्वयंपाकाला घेतली, आणि तिसऱ्या आठवड्यात इंजिनवाल्याचा हात दुखावला तेव्हा ती खाली उतरली, ती पुन्हा वर आलीच नाही. वीस वर्षं तिने उत्तरेकडच्या समुद्रात इंजिनं ऐकली. कुठला आवाज भुकेचा, कुठला दुखण्याचा, ते तिला झोपेतही कळायचं. मग आई आजारी पडली म्हणून ती घरी आली. त्याच वर्षी गावाने पॅनल घेतले होते आणि बॅटऱ्यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. "एवढा हिवाळा मी बघते," असं ती म्हणाली. आई दोन वर्षांनी गेली. हिवाळा काही संपला नाही.

त्यानंतर एका रात्रीपेक्षा जास्त ती आर्डस्केलबाहेर राहिली नव्हती. एकदा दाढ काढायला गेली होती. एकदा मैत्रिणीच्या लग्नाला, तर तिथूनही तीन वेळा फोन करून विचारलं, "आकडा किती?"

आकडा म्हणजे बॅटरीचे टक्के. रोज सकाळी आठ वाजता इशबेल वॉकीटॉकीवरून तो सांगायची आणि सतरा घरं त्याच्यावर आपला दिवस बेतायची. पासष्टच्या वर असेल तर कपडे धुवा. पन्नास असेल तर पाव उद्या. पंचेचाळीसच्या खाली गेला तर चहाचं पाणीसुद्धा चुलीवर, विजेच्या किटलीत नाही. जनरेटर लावायची वेळ आली तर गावाला स्वतःची लाज वाटायची, जणू कुणाच्या तरी घरी उधळपट्टी झालीय.

मग तीन आठवड्यांपूर्वी गुड्रूनचं पत्र आलं. जुनी जहाजावरची सोबतीण, फेरो बेटांवरची. आता एका संशोधनाच्या जहाजावर मुख्य इंजिनिअर. "एप्रिल ते सप्टेंबर माणूस हवाय. तुझ्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. मार्चच्या शेवटच्या मंगळवारी बंदरात ये, नाहीतर मी दुसरी बघते." इशबेलने ते पत्र उभ्यानेच सात वेळा वाचलं होतं.

गावाला अंधारात टाकून जाणार नाही, असा शब्द तिने वीज समितीला दिला होता. म्हणून हा डबा. म्हणून आजची परीक्षा.

"आकडा?" तिने विचारलं.

टॉर्किलने मीटरकडे पाहिलं. "बेचाळीस."

"एवढाच? दहा वाजता सेहेचाळीस होता. बाराला चाळीसच्या खाली जायला हवा होता. किती वाजले?"

"बारा वाजून दहा."

"असू दे. खाली जाईल."

एक वाजला. एक्केचाळीस.

दोन वाजले. एक्केचाळीस.

बाहेर पाऊस तिरपा पडत होता, पॅनल करडे झाले होते, आकडा वर जावा असं काहीच नव्हतं आणि तरी तो खालीही जात नव्हता. इशबेल मीटरसमोर येरझाऱ्या घालत होती. हात खिशात.

"नीट बसव की तो काटा," दारातून रुआरी म्हणाला. तो बोटवाला. ओला रेनकोट, तोंडात अर्धं ओटकेक बिस्कीट. "चारला निघायचंय मला. भरती ओसरली की धक्क्याला चिखल लागतो, मग तुझं जहाज तुझी वाट बघत बसेल आणि माझी बोट चिखलात."

"काटा नाहीय तो, आकडे आहेत. आणि ठीक आहेत."

"मग पंचेचाळीस कर ना ती हद्द. लगेच सुरू होईल."

"ठरावात चाळीस लिहिलंय," टॉर्किल म्हणाला.

"अरे, तुझा तो ठराव..."

"चाळीस लिहिलंय, रुआरी."

इशबेलचं लक्ष नव्हतं. ती दुसऱ्या मीटरकडे वाकून बघत होती. घरांकडे किती वीज जातेय ते दाखवणारा. ती बघत राहिली. मग म्हणाली, "हे काय? सतरा घरांत मिळून एका दिव्याएवढीसुद्धा वीज जळत नाहीय."



"अरे देवा," इशबेल म्हणाली. "ही माणसं वीज वाचवतायत!"

ती शेडमधून जी सुटली ती उतारावरून धावतच. अठ्ठावन्नाव्या वर्षी चिखलातून धावणं काही शोभत नव्हतं, पण तिच्या अंगात आज वारं शिरलं होतं. पहिलंच घर पेगीचं. वय चौऱ्याऐंशी. दार ढकललं तर आत अंधार, आणि अंधारात पेगी, अंगावर कोट, डोक्यावर लोकरी टोपी, हातात गार झालेला चहा.

"पेगी! दिवा का नाही लावला?"

"ये पोरी. आकडा बेचाळीस झाल्याचं वॉकीटॉकीवर कळलं ना, तेव्हापासून मी काही लावलं नाही. फ्रीजसुद्धा बंद करून ठेवला."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी! तुझी परीक्षा आहे ना आज? तुझ्या त्या डब्याला त्रास नको. शेजारच्या लॅकलनच्या घरीही सांगितलंय मी, आणि वरच्या जोडप्यालाही. सगळ्यांना सांगितलं, आज इशबेलचा दिवस आहे, कुणी किटलीला हात लावायचा नाही."

इशबेल दाराच्या चौकटीला टेकली. हसावं का रडावं तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

"पेगी, ऐक. आकडा खाली गेला तरच डबा इंजिन सुरू करणार. चाळीसच्या खाली जायलाच हवा."

"खाली?" पेगीने कप ठेवला. "आपण मुद्दाम खाली न्यायचा?"

"मुद्दाम."

"म्हणजे उधळायची?"

"उधळायची! जे असेल ते लाव. तुझ्या भाचीने हीटर पाठवला होता ना तुला?"

"तो खोक्यात आहे. चार वर्षं झाली. लालबुंद तापणाऱ्या दोन पट्ट्यांचा आहे तो, इशबेल. दोन पट्ट्यांचा!"

"दोन्ही लाव."

पेगीने खिडकीबाहेर पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. "लोक काय म्हणतील?"

"मी सांगते लोकांना. पेगी, मला चारच्या बोटीने जायचंय. मला जायचंय गं."

म्हातारीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग कोटाची बटणं काढत म्हणाली, "खोकं पलंगाखाली आहे. तूच काढ, माझी कंबर वाकत नाही. आणि तो वॉकीटॉकी इकडे दे. तू सांगशील तर त्यांना खोटं वाटेल."

पुढच्या दहा मिनिटांत आर्डस्केलच्या हवेतून जे काही ऐकू आलं, तसं त्या गावात कधी ऐकू आलं नव्हतं. आधी पेगीचा खणखणीत आवाज: "मी पेगी बोलतेय. मी हीटर लावलाय. दोन्ही पट्ट्या. ज्याला इशबेल आवडते त्याने काहीतरी लावा." मग नुसती खरखर. मग लॅकलन, खोल आवाजात, जणू कबुली देतोय: "एक किटली." थोड्या वेळाने पुन्हा लॅकलन: "दोन किटल्या. दोन्ही काठोकाठ." मग वरच्या घरातली बाई: "ओव्हन लावला." कुणीतरी विचारलं, "आत काय आहे?" "काही नाही. रिकामाच आहे." सगळ्या घरांतून एकदम श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. आणि त्यानंतर कुणी थांबेना. "कपड्यांचं मशीन!" "पाणी गरम करतोय, आंघोळ नाही करायची तरी!" "सगळे दिवे, माळ्यावरचासुद्धा!" एका बाईला हसू आवरत नसल्याचं आवाजावरूनच कळत होतं. "मी व्हॅक्यूम लावून नुसती उभी आहे!"

इशबेल चढावरून परत पळत आली तेव्हा शेडमधला इन्व्हर्टर गुरगुरायला लागला होता.

"आकडा?"

"एक्केचाळीस," टॉर्किल म्हणाला. "पण आता घरांकडे धबधबा चाललाय."

"ये, ये, ये खाली..."

आणि तेवढ्यात पाऊस थांबला.

थांबला म्हणजे एकदम, नळ फिरवल्यासारखा. ढगाची कड फाटली आणि तिच्यातून मार्चचं ऊन पॅनलवर सांडलं. तिकडच्या भाषेत या उघडिपीला 'तुरघ' म्हणतात, दोन सरींमधली कोरडी फट. इशबेलने आयुष्यभर त्या शब्दाची वाट पाहिली होती. सकाळच्या आकड्यानंतर लोक तिला विचारायचे, "तुरघ आहे का आज?" आणि ती आभाळाकडे बघून सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. गार पडलेल्या पॅनलवर ढगाच्या कडेचं ऊन पडलं की ते ऊन नेहमीपेक्षा जास्त जोराने बॅटरीत शिरतं, हेही तिलाच ठाऊक.

"बेचाळीस," टॉर्किल म्हणाला.

खाली घरांची दारं उघडली. माणसं अंगणात येऊन, टोप्या काढून, तोंडं वर करून उभी राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आत जा!" इशबेल शेडच्या दारातून उन्हावर ओरडली. "आत जा, मेल्या! आठ दिवस कुठे होतास?"

रुआरी हसून हसून दाराशी खाली बसला. "एकोणीस वर्षं उन्हाच्या नावाने प्रार्थना केलीस तू..."

"गप्प बस. किती वाजले?"

"तीनला दहा कमी."

"ते पश्चिमेचं बघ, काळं. वीस मिनिटांत येईल. वीस मिनिटांची आहे ही उघडीप, जास्त नाही."

"नक्की?" टॉर्किलने विचारलं.

 तिची नजर पश्चिमेलाच होती. चौदा मिनिटांनी आली सर. पत्र्यावर गोळ्यांसारखी. पॅनल पुन्हा करडे झाले. आकडा बेचाळीसवरून एक्केचाळीसवर आला, आणि वॉकीटॉकीवर पेगी म्हणाली, "तिसरी पट्टी असती तर तीही लावली असती."

तीन वीस. चाळीस.

"खाली," इशबेल कुजबुजली. "खाली, खाली."

एकोणचाळीस.

डब्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि मिचकायला लागला. दोन मिनिटं. शेडमध्ये कुणी हललं नाही. रुआरीने ओटकेक चावायचंही थांबवलं. इशबेलच्या मुठी खिशात इतक्या घट्ट झाल्या होत्या की शिवण उसवली. एक मिनिट. दीड.

खट्.

डब्याने आधी इंजिन आतून तापवलं. दहा सेकंद. मग स्टार्टर फिरला, आणि जनरेटर एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला आणि लागला! धड् धड् धड् धड्, जमीन हादरली, पत्रा थरथरला. वॉकीटॉकीवर आरोळी उठली. रुआरीने टॉर्किलला मिठी मारली. इशबेल ओरडतच होती तेवढ्यात तिच्या कानाने आवाज पकडला. भुकेचा आवाज. तिचं ओरडणं अर्ध्यावर थांबलं.

धड् धड्... धड्... आणि बंद.

"काय झालं?" टॉर्किलने विचारलं.

डब्याने स्वतःशी टिकटिक केली. त्याला तीनच प्रयत्न होते. पहिला फुकट. पंधरा सेकंद थांबून त्याने पुन्हा स्टार्टर फिरवला. इंजिन चार ठोके चाललं आणि गपकन मेलं.

इशबेलला कळलं होतं. तिला ते चारही ठोके कळले होते. डिझेलची टाकी वर, मांडणीवर, तिथून खाली येणारी नळी, आणि नळीवर पितळी नळ. एकोणीस वर्षं इंजिन थांबवलं की तिचा हात आपोआप वर जाई आणि तो नळ बंद करी. रविवारी थांबवलं तेव्हाही गेला असणार. नळीत जेवढं डिझेल होतं तेवढ्यावर इंजिन धावलं. डब्याला बॅटरी कळते, आकडा कळतो. त्याला हात नाही.

आणि तिचे हात खिशात.

दहा सेकंद. तिसऱ्या प्रयत्नाला तेवढेच उरले होते. ती बोलली तरी चाललं असतं का? ठरावात बोलण्याबद्दल काही होतं का? तिला आठवेना. ती नुसती नळाकडे बघत राहिली, डोळे न मिटता. सात सेकंद उरले. तिसरा प्रयत्न फुकट गेला की डबा लाल होणार, आणि मग कुणीतरी येऊन हाताने सुरू केल्याशिवाय हलणार नाही. कुणीतरी म्हणजे तीच.

टॉर्किल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग तो ज्या दिशेला ती बघत होती तिकडे वळला. मांडणीकडे. नळाकडे. ज्या यंत्राच्या दोन हात जवळ तो कधी गेला नव्हता, त्याच्या अगदी वर वाकला. 

"हा?" तो म्हणाला.

इशबेलने ओठ घट्ट मिटले.

"माझं नाव नाहीय ठरावात," टॉर्किल म्हणाला आणि त्याने नळ फिरवला.

डिझेल उतरायला तीन सेकंद मिळाले असतील. स्टार्टर फिरला. इंजिन शिंकलं, काळा धूर सोडला, बसलं, उठलं, पुन्हा अडखळलं, आणि मग त्याचा घसा मोकळा झाला. धड् धड् धड् धड्. एकसारखं. डब्याचा दिवा पिवळ्याचा निळा झाला. बॅटरीकडे वीज जाऊ लागली तसा आवाज खोल गेला, ओझं उचललेल्या माणसासारखा, आणि तिथेच स्थिरावला. त्याला असंच ओझं लागतं. नुसतं हलकं हलकं चालवलं तर बिघडतं.

वॉकीटॉकीवर सतरा घरं एकदम बोलत होती, कुणाचंच काही कळत नव्हतं. फक्त पेगी मधेच स्पष्ट ऐकू आली: "आता बंद करू का गं ही पट्टी?"

"करू नकोस!" इशबेल ओरडली. "आज काही बंद करू नका! पाव भाजा! चादरी धुवा!"

तिने हात खिशातून काढले. तळव्यांवर नखांचे वण उमटले होते. तिने कोट चढवला, मांडणीखालून पिशवी ओढली. पिशवी तीन आठवड्यांपासून भरलेलीच होती.

"थांब, थांब," टॉर्किल वही घेऊन मागे. इंजिनच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. "तेल? तेल कसं बघायचं?"

"काठी काढ, पूस, परत घाल, परत काढ. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसायला हवं."

"फिल्टर?"

"महिन्यातून एकदा. नवे वरच्या कप्प्यात. जुना काढताना खाली पातेलं धर."

"नळ?"

"उघडाच ठेव. आयुष्यभर उघडा ठेव."

"आणि सकाळचा आकडा? तो कोण सांगणार?"

"तू. शाळेत हजेरी घ्यायचास ना, तसा."

तो लिहीत होता, भराभर, वाकड्या अक्षरात. खाली धक्क्यावर रुआरीचा भोंगा वाजला. तो कधी खाली गेला ते दोघांनाही कळलं नव्हतं. टॉर्किलने मान वर केली. त्याच्या बोटांना डिझेल लागलं होतं आणि त्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं.

"इश," तो म्हणाला. "हे सगळं केलं. तेल बघितलं, फिल्टर बदलला, नळ उघडा आहे. आणि तरी नाही लागलं. मग? मग कुणाला विचारायचं?"

इशबेलने पिशवी खांद्यावर टाकली. क्षणभर इंजिनकडे कान देऊन ती म्हणाली, "मगाशी नळ सापडला, तसं तेही सापडेल तुला." मग तिने भावाचा गाल घामेजल्या हाताने थोपटला, आणि टोपीसुद्धा न घालता पावसात बाहेर पडली.